मार्शल : एका विशेषणाची भरती

लखनौच्या महानगर वस्तीतून पुन्हा आपल्यासमोर आलोय. आजचा शब्द 'मार्शल'.

तरुण कॅप्टन असताना एका कोर्ट मार्शलचं कामकाज लिहून घेण्याचं काम माझ्याकडे आलं होतं. पहिल्याच पानावर स्पेलिंग चुकलं. अध्यक्ष असलेल्या कर्नलसाहेबांनी कागद परत सरकवला आणि म्हणाले, "हे न्यायालय आहे, तबेला नव्हे." तबेला का, ते बऱ्याच वर्षांनी उमगलं.

आपल्या देवनागरीत दोन वेगळे इंग्रजी शब्द एकाच 'मार्शल'मध्ये मिसळतात. एअर मार्शल किंवा विधानभवनातले मार्शल, हे नाम. जुन्या जर्मानिक भाषांत त्याचा अर्थ घोड्यांचा चाकर, म्हणजे आपला मोतद्दार. मोतद्दाराचा फील्ड मार्शल झाला. बढती असावी तर अशी! कोर्ट मार्शलमधला शब्द मात्र विशेषण आहे. तो आला लॅटिनमधून, 'मार्स' या रोमन युद्धदेवाच्या नावावरून. मंगळाला इंग्रजीत मार्स म्हणतात तोच हा. मार्च महिना त्याचा, आणि मार्टिन हे नावही त्याच मुळाचं. म्हणजे क्लॉड मार्टिनच्या नावाची आमच्या लखनौची ला मार्टिनियर शाळासुद्धा याच गोतातली.

मराठी माणसाला हे विशेषण सोलापूरमुळे ठाऊक आहे. मे 1930 मध्ये तिथे मार्शल लॉ पुकारला गेला. त्या दिवसांतल्या घटनांवरून चाललेल्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी झाली.

पण या विशेषणाने जास्त काळ आणि जास्त माणसांचं नुकसान केलं ते दुसऱ्या जोडीत : 'मार्शल रेस', लढवय्या जमात.

आमच्या गोल मार्केटजवळ संध्याकाळी फिरताना एक निवृत्त सुभेदार भेटतात. बैसवाड्याचे. एकदा ते म्हणाले, "अंग्रेजों ने हमें मार्शल मानना ही छोड़ दिया था, साहब." खरं आहे. कंपनीच्या बंगाल फौजेत सर्वांत मोठा भरणा अवधच्या शिपायांचा होता. 1857 मध्ये तेच उठले. मग भरतीचा रोख पंजाबी, पठाण, गुरखे यांच्याकडे वळला. बंड केलं म्हणून नको, असं उघड कसं म्हणणार? तर रक्तातच लढाऊपणा नाही, असं शास्त्र उभं राहिलं.

या विचाराचा मोठा पुरस्कर्ता फ्रेडरिक रॉबर्ट्स. गोमती ओलांडून गेलं की खुर्शीद मंझिल लागते. आज तिथे ला मार्टिनियरची मुलींची शाळा आहे. नोव्हेंबर 1857 मध्ये गोळीबारात तिच्या बुरुजावर झेंडा रोवणारा लेफ्टनंट तो हाच. 1885 ते 1893 तो हिंदुस्थानचा सरसेनापती होता.

त्याच्या धोरणाची झळ कोकणात आणि देशावर पोचली. मुंबई फौजेत महार शिपाई पिढ्यान्‌पिढ्या होते. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर त्यांची नावं आहेत. 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांची भरती थांबली. बंडाचा आरोप नव्हता, पळपुटेपणाचा नव्हता. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ याच फौजेतले. पलटणीत पगार आणि पेन्शन होतं, मुलांसाठी शाळा होती. एक विशेषण काढून घेतलं आणि हे दार बंद झालं.

निवृत्त सैनिक गोपाळबुवा वलंगकरांनी 1894 मध्ये सरसेनापतींना उद्देशून अर्ज लिहिला. त्यात आपण मूळचे क्षत्रिय असल्याचा दावा होता. मला हे वाचून फार वाईट वाटलं. ज्यांच्या बापजाद्यांनी गोळ्या खाल्ल्या, त्यांना शौर्याचा दाखला म्हणून वंश पुढे करावा लागला! पुढे 1910 मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनीही लंडनपर्यंत दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा, 1917 मध्ये, 111 वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपलं आणि 1921 मध्ये ती मोडली. गरज असेपर्यंत लढवय्ये.

दुसऱ्या महायुद्धात डॉ. आंबेडकरांनी हा आग्रह पुन्हा धरला आणि ऑक्टोबर 1941 मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख याच रेजिमेंटचे. 25 नोव्हेंबर 1987 रोजी श्रीलंकेत धारातीर्थी पडलेले परमवीरचक्र विजेते मेजर रामस्वामी परमेश्वरन आठव्या महार बटालियनचे. ते जन्माने तमिळ. आज या रेजिमेंटमध्ये देशभरच्या जातीजमातींचे जवान एका ओळीत उभे असतात.

हे सगळं मी सुभेदारसाहेबांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प चालले. मग विचारलं, "उन्नीस सौ इकतालीस? यानी पचास साल लगे?"

"जवळपास," मी म्हटलं.