पाऊस सरल्यानंतरचा वसंत : गीतरत्नातील वचन कोणाचे?



गीतरत्नाच्या दुसऱ्या अध्यायात, ओव्या ११ ते १३ मध्ये, वसंताचे वर्णन आहे : हिवाळा गेला, पाऊस सरला, फुले उमलली, होल्याचा आवाज ऐकू येऊ लागला. आपण सदलग्याची माणसे विचारू, पाऊस सरतो तो दसरा-दिवाळीला. मग वसंत कसा?

पॅलेस्टाइनात पाऊस साधारण ऑक्टोबर ते एप्रिल पडतो. होला एप्रिलच्या सुमारास परततो, त्यानंतर द्राक्षवेल मोहरते. म्हणजे हे वर्णन वसंताच्या उत्तरार्धाचे आहे.

त्यातला 'झामीर' हा इब्री शब्द दोन अर्थांचा आहे : गाणे आणि छाटणी. जुन्या ग्रीक व लॅटिन भाषांतरांनी छाटणी घेतली. आजची बहुतेक भाषांतरे गाणे घेतात. १९०८ साली गेझेर येथे सापडलेल्या प्राचीन शिलापटावरील शेतकामाच्या यादीतही याच धातूचा शब्द असून तो सहसा छाटणी असाच वाचतात. तासगाव-मिरजेच्या बागायतदारांना हे सांगावे लागत नाही. एप्रिलची खरड छाटणी झाल्यावरच पुढच्या फळाची काडी तयार होते. योहान १५:२ मध्ये प्रभूही हेच शिकवतो.

आता लेखक कोण? पहिल्या ओवीत शलमोनाचे नाव आहे. पण तिथल्या इब्री अव्ययाचा अर्थ 'शलमोनाचे', 'शलमोनासाठी' किंवा 'शलमोनाविषयी' असा होऊ शकतो. ४:१३ मधील 'पर्देस' हा शब्द पारसी मूळचा आहे. त्यामुळे अनेक अभ्यासक आजचे रूप शलमोनानंतरचे मानतात. यहुदी ताल्मूद तर हे लेखन हिज्कीया राजा व त्याच्या मंडळीकडे देतो.

आपली तरुण मुले विचारतात, 'लेखकच निश्चित नसेल तर हे देवाचे वचन कसे?' प्रश्न टाळू नये. इब्री लोकांस पत्रावर लेखकाचे नाव नाही, तरी मंडळीने ते पवित्र शास्त्र म्हणून स्वीकारले. शिवाय दहावी ओवी नीट वाचा. वसंताचे शब्द प्रियकराचे आहेत, पण ते आपल्याला सांगते ती वधू. तिने ऐकले आणि जपून ठेवले. ख्रिस्ताचे शब्दही आपल्याला असेच मिळाले : त्याने स्वहस्ते ग्रंथ लिहिला नाही, ऐकणाऱ्यांनी साक्ष दिली.

तेव्हा लेखकाच्या नावावरून घरात वाद घालण्यापेक्षा मुलांसोबत हा अध्याय वाचू या. ज्यांच्या जीवनात सध्या छाटणीचा काळ चालू आहे, त्यांच्यासाठी प्रार्थना करू या. त्याच शब्दात गाणेही आहे, हे त्यांना आठवो. आमेन.