चित्राखालची ओळ

१९४३च्या बंगालच्या दुष्काळात नेमकी किती माणसं मेली, हे आजही कुणाला ठामपणे सांगता येत नाही. जॉन वुडहेड यांच्या चौकशी आयोगाने १९४५ साली सुमारे १५ लाख असा आकडा दिला. पुढे अमर्त्य सेन यांनी तो ३० लाखांच्या आसपास नेला. म्हणजे दोन अंदाजांमधला फरकच १५ लाख माणसांचा! माझं इंजिनिअरचं पोट आकड्यांवर चालतं, त्यामुळे हे वाचल्यावर मला पहिला प्रश्न पडला तो असा, की एवढी माणसं हिशेबातूनच निसटली असतील तर त्यांची नोंद शोधायची कुठे? चित्तप्रसाद या चित्रकाराच्या ‘हंग्री बेंगाल’ या छोट्या पुस्तकात मला त्याचं थोडं उत्तर सापडलं.

आधी पार्श्वभूमी. १९४२ साली जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिथून येणारा तांदूळ थांबला. जपानी सैन्य किनाऱ्यावर उतरलं तर त्याच्या हाती काही लागू नये म्हणून सरकारने किनारी भागातला जादा तांदूळ उचलला, दहापेक्षा जास्त माणसं बसतील अशा होड्याही काढून घेतल्या. ज्या मुलखात मासेमारी आणि बाजारहाट होडीवर चालते, तिथे याचा अर्थ काय होतो ते वेगळं सांगायला नको. ऑक्टोबर १९४२मध्ये मिदनापूरला चक्रीवादळाने झोडपलं. युद्धखर्चामुळे भाव चढत गेले आणि ज्यांच्या घरात स्वतःचं धान्य नव्हतं, ते शेतमजूर आणि कोळी आधी कोसळले. तरीही सरकारने दुष्काळ संहिता लागू केली नाही. कागदोपत्री हा दुष्काळ नव्हताच. २२ ऑगस्ट १९४३ रोजी ‘स्टेट्समन’ने कलकत्त्याच्या रस्त्यांवरची छायाचित्रं छापली, तेव्हा ही झाकपाक उघडी पडली.

नोव्हेंबरमध्ये अठ्ठावीस वर्षांचा चित्तप्रसाद कम्युनिस्ट पक्षाच्या वतीने मिदनापूरच्या गावांत फिरला. त्याने काळ्या शाईत रेखाटनं केली आणि सोबत वृत्तान्त लिहिला. याच काळात झैनुल आबेदिन कलकत्त्यात भुकेल्या माणसांची चित्रं काढत होते. मोजक्या, जाड रेषांची ती चित्रं विसरता येत नाहीत, पण त्यातली माणसं बहुतेक निनावी आहेत. चित्तप्रसाद मात्र कितीतरी रेखाटनांजवळ माणसाचं नाव, गाव, धंदा लिहून ठेवतो. मला ही ओळ चित्राइतकीच महत्त्वाची वाटते. नाव आणि गाव असलं की पडताळणी करता येते. त्या गावात जाऊन विचारता येतं, की हा माणूस इथे होता का, त्याचं पुढे काय झालं?

म्हणून ही चित्रं निःपक्ष आहेत असं मात्र मी म्हणणार नाही. १९४१मध्ये हिटलरने रशियावर हल्ला केल्यावर कम्युनिस्ट पक्ष युद्धाच्या बाजूने उभा राहिला. मुंबईहून निघणाऱ्या ‘पीपल्स वॉर’ या त्याच्या साप्ताहिकातून साठेबाज आणि काळाबाजारवाल्यांवर मोठा रोख असे. चित्तप्रसादची चित्रं त्यात छापून येत. लंडनच्या मंत्रिमंडळात धान्याच्या जहाजांबद्दल काय ठरत होतं, हे मिदनापूरच्या झोपडीसमोर बसून दिसणं शक्यही नव्हतं. दुष्काळ का पडला हे समजून घ्यायला कागदपत्रंच चाळावी लागतात. तो कुणावर पडला, हे त्या कागदपत्रांत क्वचितच सापडतं.

युद्धाला पाठिंबा देणाऱ्या पक्षाच्या चित्रकाराचं हे पुस्तक सरकारला तरीही सहन झालं नाही. त्याच्या ५००० प्रती जप्त करून नष्ट केल्या गेल्या, असं सांगितलं जातं. कुटुंबाकडे राहिलेल्या प्रतीवरून २०११ साली दिल्ली आर्ट गॅलरीने त्याची हुबेहूब आवृत्ती काढली. चित्तप्रसाद १९४६ साली मुंबईला आला आणि पुढे बरीच वर्षं अंधेरीत राहिला, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असेल.

आकड्याला सरकार हरकत घेऊ शकतं, आयोग नेमू शकतं, नवा आकडा देऊ शकतं. पण नावगावासकट समोर बसवून काढलेला माणूस चुकीचा मोजला गेला, असं कसं म्हणणार? ‘हंग्री बेंगाल’मधल्या थोड्याशा नावांनी मृतांचा अंदाज एकानेही बदलत नाही. मात्र १५ लाखांच्या त्या फरकात कोण कोण असू शकतं, हे ती नावं सांगतात.