चौदाव्या किलोमीटरवरचा कार्बोरेटर

वडिलांच्या चेतक स्कूटरचा कार्बोरेटर तीन आठवडे चितेगावच्या आमच्या घरात, स्टीलच्या ताटात सुटा पडून होता. बायकोला ताट हवं होतं आणि मिस्त्रीला उत्तर. "भाऊ, नवा टाकला तर संध्याकाळी गाडी घेऊन जा. हाच करायचा असेल तर वेळ लागतो," एवढं सांगून तो मोकळा झाला.

गाडी १९९१ ची, एमएच-२०. मला ती म्हातारी वाटते, पण कायद्याच्या लेखी ती जुनीसुद्धा नाही. केंद्राच्या २०२१ च्या नियमाप्रमाणे 'व्हिंटेज' म्हणवून घ्यायला ५० वर्षं भरावी लागतात. म्हणजे २०४१ उजाडायला हवं.

चेतकची कुळकथा तशी गुंतागुंतीची. बजाज १९४८ पासून परदेशी स्कूटरी आणून विकत होते. १९५९ मध्ये त्यांना इथं बनवायचा परवाना मिळाला आणि इटलीच्या पियाजिओच्या सहकार्यानं व्हेस्पा निघू लागली. तो करार १९७१ मध्ये संपला. पुढच्याच वर्षी जवळपास त्याच अंगाची गाडी राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव लावून बाजारात आली. कुर्ल्यात बनणाऱ्या फियाटची 'पद्मिनी'ही याच दशकात झाली. मेवाडची ही दोन नावं देशभर फिरली ती महाराष्ट्रातल्या कारखान्यांतून. नाव राजस्थानी झालं, तरी चेतकच्या पोटातला कार्बोरेटर इटालियन घराण्याचाच राहिला, डेलॉर्टोच्या धाटणीचा.

गाडी मिळायची मात्र मारामार. पैसे भरून वर्षानुवर्षं नंबराची वाट बघायची. परदेशातला नातेवाईक डॉलर पाठवू शकला तर नंबर लवकर लागे. आमच्याकडं डॉलरवाला कुणी नव्हता, पण वाळूज होतं. बजाजच्या तिथल्या कारखान्याची पायाभरणी १९८४ मध्ये झाली आणि नोव्हेंबर १९८५ मध्ये राष्ट्रपती झैलसिंग यांनी उद्घाटन केलं. मोठ्या कारखान्याभोवती सुटे भाग करणाऱ्या लहान शेडी उगवल्या. त्यातल्याच एका प्रेस शॉपमध्ये वडील लागले. पैठण लिंक रोडनं ते रोज वाळूजला जात.

चितेगावही तेव्हा बदलत होतं. इथल्या व्हिडिओकॉनच्या कारखान्याचा छापील पत्ताच 'औरंगाबाद-पैठण रस्ता, १४ किलोमीटरचा दगड' असा होता. पाळी सुटली की त्या दगडापाशी निळा धूर तरंगायचा. टू-स्ट्रोक इंजिन, लिटरभर पेट्रोलला २० मिली ऑइल. मराठवाड्यातली शेतकऱ्यांची पोरं पहिल्यांदाच घड्याळाच्या काट्यावर कामाला जात होती, आणि त्या घड्याळाला सांभाळून घेत होती ती ही तिरकी करून किक मारायची स्कूटर.

नवा कार्बोरेटर आणायचा विचार त्या काळी कुणाच्या मनातही येत नसे. गाडीसाठी जिथं इतकी वाट बघितलेली, तिथं तिचा भाग टाकून कोण देणार? रविवार आला की अंगणात वर्तमानपत्र पसरायचं, एक पेचकस, एक पाना आणि वाटीभर पेट्रोल घेऊन बसायचं. पेट्रोलचा बारीक भोकाचा जेट फुंकायचा, फ्लोट कानाशी हलवून आत पेट्रोल शिरलंय का ऐकायचं, पॅकिंगला साबण चोळायचा. आठवडाभर कंपनीत दुसऱ्याच्या ड्रॉइंगप्रमाणं पत्रा कापणारी माणसं रविवारी स्वतःच्या डोक्यानं मशीन उघडायची.

उघडण्यासारखं त्यात असतं तरी काय? गळ्याशी वाट अरुंद होते, तिथं हवेचा वेग वाढतो, दाब घटतो आणि जेटातून पेट्रोल आपोआप ओढलं जातं. इटालियन शास्त्रज्ञ व्हेंचुरीनं हे तत्त्व १७९७ मध्ये मांडलं. १८९३ मध्ये हंगेरीत बांकी आणि चोंका यांनी, तर जर्मनीत मायबाखनं त्यातून पेट्रोलचा फवारा काढला. ताटातल्या त्या जस्ताच्या ठोकळ्यात ती सगळी विद्या अंगठा जेमतेम जाईल एवढ्या भोकात बसलीय.

ठरवण्याआधी मी तो ठोकळा जाड काचेवर ठेवला. खालची बाजू डगमगली. मधे उजेड दिसत होता. हे वडिलांचं काम. दोन लांब बोल्ट ते दात-ओठ खाऊन आवळायचे. "सैल राहिलं तर हवा धरतं," असं म्हणायचे आणि आवळून आवळून नेमकी तिथंच हवा शिरायची सोय करून ठेवायचे. मेन जेटचीही तीच गत. कचरा अडकला की क्लच केबलची तार सोडवून त्यातून फिरवायची. पितळ मऊ, तार पोलादी. भोक दर वेळी केसभर मोठं होत गेलं. शेवटच्या काळात गाडी पेट्रोल प्यायची, त्याचं कारण हे.

मधल्या काळात हे अंगणच ओस पडलं. २००९ मध्ये बजाजनं स्कूटर बनवणं सोडायचं ठरवलं. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि नव्या दुचाकींत कार्बोरेटरची जागा इंजेक्शननं घेतली. त्याच वर्षी चेतक परतली ती विजेवर. पलीकडं बिडकीनच्या ऑरिक औद्योगिक वसाहतीत कारखाना काढणार असल्याचं एथर कंपनीनं २०२४ मध्ये जाहीर केलं, तोही विजेच्या स्कूटरींचाच. या रस्त्यावर पुढं ज्या गाड्या बनतील, त्यांत फुंकायला जेट नसेल.

म्हणून मी जुनाच ठेवायचं ठरवलं असं वाटेल. पण 'जुना' म्हणजे कुठला? कारखान्यातून निघाला तसा, की वडिलांनी केला तसा? काचेवर पाण्याचा पॉलिश पेपर ठेवून इंग्रजी आठच्या आकारात तासभर घासला, तेव्हा खालची बाजू सपाट झाली. वडिलांची ती चूक मी हातानं पुसली. रबरं आणि फ्लोटची पिनही बदलली. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे, जुनं रबर त्यात फुगतं.

जेट बदलायलाच मिस्त्रीनं सांगितलं होतं. नवा आणलाही. तो लावून मी बिडकीनपर्यंत जाऊन आलो, प्लग काढला, तर टोक पांढरट. इंजिनाला पेट्रोल कमी पडत होतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, ताकद पेट्रोलहून कमी. तेवढ्याच हवेला इंधन थोडं जास्त लागतं. मिस्त्री हसला. म्हणाला, "तो वाढलेला टाकून बघा."

वडिलांचा जेट लावला, पुन्हा बिडकीन गाठलं आणि रस्त्याकडेला गाडी थांबवली. गरम प्लग फडक्यात धरून उन्हात पाहिला. टोक चहाच्या रंगाचं होतं. नवा जेट मी डिकीत टाकून ठेवलाय. ताट घासून परत केलं.