तीन पिना आणि एक जंपर

आयबीएमने १९८१ साली पहिला पीसी बाजारात आणला, तेव्हा त्याच्या मदरबोर्डला सेटिंग लक्षात ठेवावं लागत नव्हतं. बोर्डावर आठ-आठ बारक्या स्विचांच्या दोन पट्ट्या होत्या. फ्लॉपी ड्राइव्ह किती, डिस्प्ले कोणता, मेमरी किती, हे स्विच वर-खाली करून सांगायचं. काही चुकलंच, तर झाकण उघडल्यावर चूक डोळ्यांना दिसायची.

१९८४ च्या एटी मॉडेलने ही रीत मोडली. त्यात मोटोरोलाची एमसी१४६८१८ ही घड्याळाची चिप आली. तिच्यात ६४ बाइट जागा: १४ घड्याळाकडे, उरलेल्या ५० इतर नोंदींसाठी. सीमॉस जातीची ही चिप वीज नावापुरतीच खाई, म्हणून पीसी बंद असतानाही बॅटरीवर तग धरून राही. हार्ड डिस्कचा प्रकारही तिथेच नोंदलेला असे. ‘टाइप २’ म्हणजे ६१५ सिलिंडर, ४ हेड, २० एमबी. आधी ही नोंद करायला वेगळी फ्लॉपी लागे. पुढे नोंदी भरायचा हा सेटअप बायोसमध्येच, म्हणजे पीसी सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्राममध्येच, आला आणि पीसी सुरू होताना डिलीट दाबायची सवय लागली.

सोय झाली, पण सेटिंग नजरेआड गेलं. आता चुकीची नोंदही बॅटरीच्या जिवावर टिकणार. त्या चुकीमुळे स्क्रीनच येईना, तर सेटअपमध्ये शिरायचं कुठून? त्यासाठी बोर्डावर तीन पिना आणि त्यांतल्या दोन जोडणारी बारकी टोपी, म्हणजे जंपर, ठेवावा लागला. लपलेली आठवण हाताने पुसायची ती जागा.

नव्वदीच्या अखेरीस मी मुंबईत लॅमिंग्टन रोडवर असेंबल्ड पीसी जोडायचो. ‘डिस्प्ले येत नाही’ म्हणून कॅबिनेट आलं की जंपर आधी आठवायचा. इंटेलचा सेलेरॉन ३००ए प्रोसेसर ६६ ऐवजी १०० मेगाहर्ट्‌झच्या बसवर टाकला की ४५० वर पळतो, ही बातमी कॉलेजच्या पोरांना आमच्याआधी लागलेली असे. सगळ्यांचे पळत नसत, आणि मग स्क्रीनच येत नसे. दुसरं गिऱ्हाईक ऑफिसचं: माणूस नोकरी सोडून गेला, बायोसचा पासवर्ड कुणालाच ठाऊक नाही. दोघांनाही औषध एकच.

शेठ ओरडायचे, “आधी पॉवरची केबल काढ! बटण बंद केलं म्हणजे लाइट गेली असं नाही.” जुन्या एटी कॅबिनेटचं बटण वीज खरोखर तोडायचं. १९९५ च्या एटीएक्सपासून मात्र केबल लागलेली असेपर्यंत बोर्डावर पाच व्होल्ट कायम असतात. म्हणून केबल काढायची, मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून उरलीसुरली वीज घालवायची आणि कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवायची. जंपर बहुधा १-२ वर असतो. तो २-३ वर दहा सेकंद ठेवून परत १-२ वर आणायचा, आणि त्यानंतरच केबल लावायची. असुसच्या बोर्डावर सीएलआरटीसी, एमएसआयच्या जेबॅट१ असं काहीबाही छापलेलं असतं. अंदाज न करता मॅन्युअल बघावं. कित्येक नव्या बोर्डांवर दोनच पिना असतात, त्या काही सेकंद जोडायच्या. शेवटी सेटअपमध्ये जाऊन तारीख, डिस्कचा मोड आणि बूटचा क्रम पुन्हा भरायचा.

जंपर फक्त सेटिंग पुसतो. २६ एप्रिल १९९९ ला सीआयएच व्हायरसने अनेक पीसींच्या फ्लॅश चिपमधला बायोसच खरडून टाकला, तेव्हा या पिनांचा काही उपयोग नव्हता; चिप काढून पुन्हा लिहावी किंवा बदलावी लागे.

बायोसचा पासवर्ड म्हणजे ज्याच्याकडे स्क्रू ड्रायव्हर नाही त्याच्यापुरतं कुलूप, हे आम्हा हार्डवेअरवाल्यांना तेव्हाच कळलं होतं. डबा उघडेल तो मालक, असाच हिशेब होता. आज डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर सेटिंग मूळपदाला गेल्यावर विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकते. ती हाताशी नसेल, तर पीसी सुरू होतो आणि डेटा बंदच राहतो. त्यामुळे आता झाकणाच्या स्क्रूला हात घालण्याआधी मी गिऱ्हाइकाला ती की विचारतो.