भट्टाचार्य, भवानी

(१० नोव्हेंबर १९०६ – १० ऑक्टोबर १९८८). इंग्रजीतून लिहिणारे भारतीय कादंबरीकार. जन्म बिहारमधील भागलपूरचा. शिक्षण पाटणा येथे आणि पुढे लंडन विद्यापीठात. तेथूनच त्यांनी १९३४ मध्ये डॉक्टरेट मिळवली. परतल्यावर अनेक वर्षे त्यांचे वास्तव्य नागपूरला होते.

१९४३ च्या बंगालमधील दुष्काळाने त्यांच्यातला कादंबरीकार घडवला. ब्रह्मदेश जपानच्या हाती गेल्याने तिकडचा तांदूळ थांबला, शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून सरकारने गावोगावच्या होड्या काढून घेतल्या, आणि साठेबाजांनी भाव भडकवले. सरकारी चौकशी आयोगाने बळींचा आकडा सुमारे १५ लाख धरला. नंतरचे अनेक अभ्यासक तो ३० लाखांच्या आसपास मानतात. हा दुष्काळ माणसांनी आणला, ही जाणीव भट्टाचार्यांच्या लेखनाच्या मुळाशी आहे.

‘सो मेनी हंगर्स!’ ही पहिली कादंबरी १९४७ मध्ये मुंबईच्या हिंद किताब्सने काढली. तीत कलकत्त्याचे समरेंद्र बसू तांदळाच्या व्यापारात पैसा लावतात आणि खेड्यातल्या काजोलीचे कुटुंब अन्नाच्या शोधात शहराच्या वाटेला लागते. उपासमारीची वर्णने अंगावर येतात. पण लेखकाला त्याहून महत्त्वाचे वाटते ते भुकेल्या माणसाचे वागणे. काजोलीची आई घरची गाय आपल्याहून हतबल झालेल्या एका बाईला देऊन टाकते. काजोली स्वतःला विकण्याच्या टोकाशी पोहोचते आणि तिथून मागे फिरून वर्तमानपत्रे विकायला लागते. हा शेवट काहींना आदर्शवादी वाटेल. मात्र आईच्या त्या दानानंतर काजोलीचा निर्णय उपरा वाटत नाही.

‘ही हू राइड्स अ टायगर’ (१९५४) ही दुष्काळाच्याच पार्श्वभूमीवरची, त्यांची सर्वांत कसदार कादंबरी. भुकेपोटी केळी चोरल्याबद्दल कालो लोहार तुरुंगात जातो. सुटल्यावर कलकत्त्यात पोटासाठी कुंटणखान्याचे काम पत्करतो आणि तिथेच त्याला आपली मुलगी सापडते. मग तो जानवे घालून ब्राह्मण बनतो आणि जमिनीतून शिव प्रकट झाल्याचा देखावा रचतो. शिळेखाली पुरलेले हरभरे पाणी पिऊन फुगतात, एवढीच त्या चमत्काराची करामत. देऊळ उभे राहते, धनिक पाया पडू लागतात. रस्त्यावर मुले उपाशी असताना देवाला दुधाचे स्नान घातले जाते. अखेर कालो सर्वांसमोर स्वतःचे सोंग उघडे करतो. आपत्ती आणि जातिव्यवस्था यांची इतकी घट्ट सांगड त्या काळच्या भारतीय इंग्रजी कादंबरीत क्वचितच आढळते.

‘म्यूझिक फॉर मोहिनी’ (१९५२), ‘अ गॉडेस नेम्ड गोल्ड’ (१९६०) आणि ‘अ ड्रीम इन हवाई’ (१९७८) या अन्य कादंबऱ्या. १९६२ च्या चिनी आक्रमणाच्या पार्श्वभूमीवरील ‘शॅडो फ्रॉम लडाख’ला (१९६६) १९६७ चा साहित्य अकादेमी पुरस्कार लाभला. तीत पात्रांपेक्षा विचारांचा वाद वरचढ ठरतो. दुष्काळावरील दोन कादंबऱ्यांची धग तिच्यात नाही.

उत्तरायुष्यात ते अमेरिकेत स्थायिक झाले. सेंट लुईस येथे त्यांचे निधन झाले.