आमचा गाव: एका ग्रंथाची कुळकथा

एखाद्या गावावर पुस्तक लिहावं, ही कल्पना आपल्याकडे मुळात सरकारी. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि नव्या राज्यकर्त्यांपुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो साऱ्याचा. जमीन कोणाची, कसतो कोण, देणं किती, देऊ शकतो किती? त्या घाईत थॉमस कोट्स नावाचा कंपनी सरकारचा एक डॉक्टर पुण्याजवळच्या लोणीकंदला जाऊन बसला आणि त्याने त्या एका गावाची हकीकत लिहून काढली. माणसं, घरं, जनावरं, नांगर, अंगावरचे कपडे, ताटातलं अन्न, सावकाराचं कर्ज असं सगळं तिच्यात आलं. १८२० मध्ये हा निबंध मुंबईच्या लिटररी सोसायटीपुढे वाचला गेला आणि १८२३ मध्ये छापला गेला. लोणीकंदच्या एकाही कुणब्याला तो वाचता येण्यासारखा नव्हता. तो त्यांच्याविषयी होता, पण त्यांच्यासाठी नव्हता.

या घराण्याची सुरुवात अशी झाली. पुढे १८८२ मध्ये जेम्स कॅम्पबेलच्या देखरेखीखाली ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर निघालं. तेरावा खंड जिल्ह्याचा आणि चौदावा त्यातल्या स्थळांचा. आजही ठाण्याविषयी काही लिहायचं तर या खंडांना हात लावल्याशिवाय पुढे जाता येत नाही, एवढं ते काम पक्कं आहे. पण त्यात गाव दिसतो तो कचेरीच्या खिडकीतून. अंबरनाथचं शिवालय त्या खिडकीतून छान दिसलं. शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख, शिलाहारांचं राज्य, कोरीव दगड ही सगळी साहेबाला ओळखीची विद्या होती. देवळाबाहेरच्या भातखाचरात कोण वाकलं आहे, हे मात्र आकड्यांत गेलं.

मराठीत एखाद्या ठिकाणाचं चरित्र लिहायची हौस तोवर आली होती, पण ती शहरांची होती. गोविंद नारायण माडगावकरांचं ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ चं. पाठोपाठ १८६८ मध्ये ना. वि. जोशी यांचं ‘पुणे शहराचे वर्णन’ आलं. माडगावकर मुंबईत रस्तोरस्ती फिरून बाजार, देवळं, गिरण्या, सणवार टिपतात, आणि तेही आपल्या माणसांना सांगायच्या सुरात. खेड्याच्या वाट्याला हे भाग्य यायला आणखी अर्धशतक जावं लागलं.

१९१५ मध्ये त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ आला. आत्रे महसूल खात्यातले. त्याआधी ‘गुन्हेगार जाती’ हे पुस्तक त्यांच्या नावावर होतं. खेडं त्यांनी नोकरीच्या निमित्ताने पालथं घातलेलं. काळी आणि पांढरी, वतनदार, कारूनारू, फिरस्ते हा सगळा गाडा कसा चालतो आणि कुठे कुरकुरतो हे त्यांनी ज्या मराठीत सांगितलं तिची बरोबरी आजही फार थोड्यांना साधते. पण ‘गावगाडा’तला गाव कोणता, असं विचारलं तर उत्तर नाही. तो देशावरचा कुठलाही गाव आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन यांनी १९१७ मध्ये उलटी वाट धरली आणि पिंपळे सौदागर हे एकच गाव घेऊन त्याच्या जमिनीचा हिशेब मांडला. १७७१ मध्ये तिथे सरासरी धारण चाळीस एकरांची होती, ती १९१४-१५ पर्यंत सात एकरांवर आली होती. वाटण्यांनी शेतीचे तुकडे कसे पडत गेले, हे त्या एका गावाच्या आकड्यांनी साऱ्या देशाच्या शेतीतज्ज्ञांना शिकवलं. पण हे पुस्तकही इंग्रजीतच.

म्हणजे एका बाजूला मराठीतला, पण नाव-गाव नसलेला गाव. दुसऱ्या बाजूला नाव-गाव असलेला, पण परक्या भाषेतला आणि परक्याने पाहिलेला. या दोन धारा जिथे मिळाल्या ते ठिकाण ठाणे जिल्ह्यातलं बदलापूर, आणि ज्यांच्या हातून मिळाल्या ते नारायण गोविंद चापेकर.

चापेकरांचा जन्म ५ ऑगस्ट १८६९ चा आणि मृत्यू ५ मार्च १९६८ चा. शंभरीला दीड वर्ष कमी पडलं. रेल्वे नुकती घाटावर चढली होती तेव्हा जन्मलेला हा माणूस स्वातंत्र्याची वीस वर्षं पाहून गेला. पेशा न्यायखात्यातला, दिवाणी न्यायाधीशाचा. बाकीचं आयुष्य लेखनाचं: एडमंड बर्कचं चरित्र, ‘गच्चीवरील गप्पा’, वेदांवरचे निबंध. बडोद्याला १९३४ मध्ये भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्याच्या आदल्या वर्षी, साठी ओलांडल्यावर, त्यांनी जो ग्रंथ छापला त्याचं नाव ‘बदलापूर’, आणि त्या नावाला जोडलेले दोन शब्द ‘आमचा गाव’.

त्यातला ‘आमचा’ मला फार मोलाचा वाटतो. कोट्स किंवा मॅन यांना तो लिहिता आला नसता आणि आत्र्यांनी लिहिला नाही. गावावरचं पुस्तक तोवर सरकारदरबारी मांडलेली हकीकत होतं. चापेकरांनी ती मालकी बदलली. ज्या गावात आपण राहतो त्याची शेती, जाती, धंदे, रीतीभाती, बोली हे सगळं ग्रंथात बसवण्याइतक्या योग्यतेचं आहे, असं एका विद्वानाने ठरवलं. ज्या पिढीच्या विद्वत्तेला वेद आणि पेशवाई यांखेरीज तिसरा विषय क्वचितच सुचत असे, त्या पिढीतला हा निर्णय आहे.

तो त्यांना सुचला कसा, याचा माग दोन ठिकाणी लागतो असं मला वाटतं. पहिलं ठिकाण कोर्ट. दिवाणी न्यायाधीशाच्या पुढे आयुष्यभर येतं काय? बांधाचे तंटे, वाटण्या, गहाणखतं, दत्तकविधानं, कुळाचे आणि सावकाराचे झगडे. एकाच शेताविषयी चार साक्षीदार चार गोष्टी सांगतात आणि त्यांतून निवाडा काढायचा असतो. खेड्यातला व्यवहार बारकाईने समजून घेण्याची याहून चांगली शाळा नाही. दुसरं ठिकाण त्या काळचं महाराष्ट्रातलं इतिहाससंशोधन. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ काढायला घेतली आणि माळ्यावरची दप्तरं, बाडं, जमाखर्चाचे कागद हेही इतिहासाचे साक्षीदार आहेत हे लोकांना पटवलं. चापेकर त्याच हवेत वाढले. ‘पेशवाईच्या सावलीत’ (१९३७) या ग्रंथात त्यांनी जुन्या जमाखर्चांतून त्या काळचं रोजचं जगणं उभं केलं. लढाया आणि तह बाजूला ठेवून डाळ-तांदळाचे भाव, लग्नाचा खर्च, नोकराचा पगार यांकडे पाहण्याची ही नजर ‘बदलापूर’मध्येच तयार झाली होती. पुढच्याच वर्षी आलेलं ‘चित्पावन’ म्हणजे हीच रीत एका ज्ञातीला लावलेली.

गावात राहणाऱ्याला असं काय दिसतं, जे बाहेरच्याला दिसत नाही? याच पट्ट्यातलं एक उदाहरण घेतो. उल्हास नदीच्या खोऱ्यात भात पेरायच्या आधी उन्हाळ्यात रोपांच्या जागेवर शेण, टहाळा, पालापाचोळा, गवत आणि वर माती असे थर देऊन ते जाळतात. हा राब. राब भाजला की रोप जोमदार उठतं आणि पावसाळ्यात लावणीला तयार होतं. १८७८ चा जंगल कायदा आला तेव्हा वनखात्याला राब म्हणजे झाडांची नासाडी वाटली. शेतकऱ्याला टहाळा तोडायची बंदी म्हणजे पीकच बुडालं. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत या प्रश्नावर एवढी ओरड झाली की सरकारला १८८५ मध्ये फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. राब हा एक शब्द सरकारी कागदात गुन्ह्याच्या बाजूला आणि गावाच्या बोलीत शेतीच्या बाजूला पडतो. गावाचा ग्रंथ गावातल्या माणसाने, गावाच्या भाषेत लिहिण्याला किंमत आहे ती यामुळे.

हे सगळं मान्य करूनही एक गोष्ट बोलायला हवी. ‘आमचा गाव’ म्हणणारे चापेकर त्या गावातल्या वरच्या आळीचे. निवृत्त न्यायाधीश, ब्राह्मण, पेन्शनीत निवांत. गावकुसाबाहेरच्या महाराचा, डोंगराकडच्या ठाकूर-कातकऱ्याचा गाव तोच होता का? तो काळही शांत नव्हता. १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचं पाणी पेटलं होतं आणि १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तरेला, तलासरी-डहाणूकडे, १९४५ मध्ये वारली वेठीविरुद्ध उठले. गोदावरी परुळेकरांनी त्याची हकीकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) मध्ये लिहिली आणि तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ठाण्याचं खेडं कळून घ्यायचं तर ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचावीत. एकात गाव कसा चालतो ते आहे, दुसऱ्यात तो कोणाच्या पाठीवर चालतो ते. म्हणून चापेकरांचं काम उणं होत नाही. त्यांनी पाहिलं ते निगुतीने पाहिलं आणि लिहून ठेवलं. लिहून ठेवलं म्हणूनच आज त्याच्याशी वाद घालता येतो.

ग्रंथ छापून दहा-पंधरा वर्षं झाली नाहीत तोच त्याच्या शेजारची भूमी ओळखू येईनाशी झाली. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी पडली. फाळणीनंतर त्या बराकींत सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते तिथे नव्या शहराची पायाभरणी झाली. नाव नदीवरून: उल्हासनगर. आज त्या शहराची वस्ती पाच लाखांवर आहे. तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या मनातला ‘आमचा गाव’ शिकारपूरजवळ, लारकान्याजवळ, सिंधू नदीच्या काठी राहिला. अंबरनाथला कारखाने आले, चाळी आल्या. बदलापूरला हे सगळं उशिरा पोचलं, पण पोचलं तेव्हा लोंढ्याने पोचलं. २०११ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची वस्ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली. कात्रप, बेलवली, मांजर्ली, वालिवली, शिरगाव ही एकेकाळची वेगळी गावं. आज ती रिक्षावाल्याला सांगायची नावं झाली आहेत.

गंमत म्हणावी की दैव, या कुळातल्या सगळ्याच गावांचं हेच झालं. मॅन यांचं पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवडच्या उंच इमारतींत आहे. लोणीकंद नगर रस्त्यावरच्या गोदामांत आणि रहदारीत आहे. ज्या गावांचा अभ्यास झाला ती शहराच्या इतक्या जवळ होती, की अभ्यासकाच्या मागोमाग शहरही आलं. त्यामुळे ही पुस्तकं आता इतिहासाच्या कपाटात गेली. वास्तविक ती लिहिली गेली तेव्हा चालू वर्तमानाची होती.

बदलापुरात जुन्या मराठी ग्रंथांसाठी जिवाचं रान करणारं एक घर आहे, हा या गोष्टीतला आनंदाचा भाग. श्याम जोशी यांनी उभं केलेलं ‘ग्रंथसखा’ वाचनालय दुर्मीळ पुस्तकांसाठी महाराष्ट्रभर ठाऊक आहे. संशोधक लांबून तिथे येतात. ज्या गावाने ‘आमचा गाव’ला जन्म दिला त्याच गावात असं ग्रंथालय उभं राहावं, हे मला योग्य वाटतं.

लोणीकंदला कोट्सनंतर सव्वाशे वर्षांनी डॉ. गो. स. घुर्ये गेले आणि तेव्हाचा गाव व आताचा गाव यांची तुलना त्यांनी १९६० मध्ये पुस्तकरूपाने मांडली. ‘बदलापूर’ला २०३३ मध्ये शंभर वर्षं होतील. तिथेही कोणीतरी परत जायला हवं, आणि ते काम बाहेरच्या विद्यापीठाची वाट न पाहता गावातल्या कॉलेजांनी, शाळांनी, वाचनालयांनी हाती घ्यावं. साधनं समोर आहेत. तलाठ्याकडचे सातबारे आणि फेरफार सांगतील की कोणतं खाचर कोणत्या साली बिगरशेती झालं आणि विकणाऱ्याच्या हाती काय आलं. झेडपीच्या जुन्या शाळांची जनरल रजिस्टरं सांगतील की कोणत्या वर्षापासून रत्नागिरीची, साताऱ्याची, मराठवाड्याची मुलं वर्गात बसू लागली. बारवी धरणाखाली कोणाची शेतं गेली, त्या पाण्यावर कोणाचे नळ चालतात, २००५ आणि २०१९ चा उल्हासचा पूर कोणत्या जोत्यापर्यंत चढला, हे सांगणारी माणसं अजून आहेत. राब भाजलेल्या म्हाताऱ्या वाड्यांवर भेटतात. त्यांच्याकडे आधी जावं, कागद थोडे थांबू शकतात. आणि यादी करताना पहिलं नाव कातकरीवाडीचं घालावं, कारण मागच्या खेपेला ती माणसं लिहिणाऱ्याच्या ओटीपर्यंत आली असतील असं मला वाटत नाही.