आवक-जावक

पिंपरी-चिंचवडच्या कारखानदारीचा इतिहास आपण यंत्रांतून वाचतो. आम्हांला तो आवक-जावक नोंदवहीतही दिसतो. टपालाच्या काळी अंतर्गत टिपणाची वाट वेगळी होती. पुरवठादाराच्या पत्राला जावक क्रमांक लागे आणि स्थळप्रत मागे राही.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने देशात इंटरनेट सर्वांसाठी खुले केले. पुढे एकाच ईमेलच्या यादीत आकुर्डीचा अभियंता आणि भोसरीचा लघुउद्योजक शेजारी आले. भिंत मात्र राहिली. मायक्रोसॉफ्टच्या 'एक्स्चेंज २००७'पासून नवा समूहपत्ता मुळात बाहेरच्यांची पत्रे नाकारतो. पुरवठादाराला समूहात घेतले, तरी त्याचे उत्तर समूहापर्यंत पोहोचण्यासाठी ती अट कोणीतरी मुद्दाम काढावी लागते.

ज्यांच्या सुट्या भागांवर चाकणची गाडी उभी राहते, त्यांना आपण आतले मानतो का, हे तिथे ठरते.